दारू सोडण्यासाठी एएची मीटिंग कशी शोधायची आणि तिथे नेमकं काय होतं?

तुम्ही विचारलंय की डॉक्टरांनी 'एएला' (दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगला) 'जा' एवढंच सांगितलं, आता मीटिंग शोधायची कशी, पैसे किती आणि ओळखीचं कोणी भेटलं तर काय.

आधी एक तातडीची गोष्ट. तुम्ही रोज, सकाळपासून पीत असाल तर एकदम बंद करून थेट मीटिंगला जाऊ नका. शरीराला सवय लागलेली असते. दारू थांबल्यावर काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भास, भ्रम. यात माणूस दगावू शकतो. डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा, 'थोडीशी घेतो' म्हणू नका. औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व कसं द्यायचं हे ते त्यावरूनच ठरवतात. मीटिंग हा या उपचाराला पर्याय नाही, त्यानंतरच्या आयुष्यासाठी ती आहे.

आता शोधण्याबद्दल. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालेली संघटना. मुंबई-पुण्यात तिचे पुष्कळ गट आहेत, इतर शहरांतही आहेत. एए इंडियाच्या संकेतस्थळावर गट आणि हेल्पलाइन क्रमांक मिळतात. पण यादी बघून सरळ निघू नका, आधी फोन करा. गट बहुधा शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये किंवा दवाखान्याच्या खोलीत भरतात. दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत शाळा बंद असली की जागा बदलते आणि यादीत जुनाच पत्ता राहतो. धीर गोळा करून गेलेला माणूस कुलूप बघून परततो, आणि मग पुन्हा निघणं अवघड होतं.

फोनवर एवढंच म्हणा: 'मी नवीन आहे, आज यायचंय.' बोलणारा बहुतेक वेळा स्वतःच दारू सोडून सोबर झालेला सभासद असतो. त्याला विचारा: मीटिंग मराठीत आहे का, कोणत्या गेटने आत यायचं, कितवा मजला, आणि आज नक्की आहे ना. ओपन मीटिंगला घरचे किंवा मित्र येऊ शकतात. क्लोज्ड मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. एकट्याने जायचा धीर होत नसेल तर 'गेटवर कोणी भेटेल का' असंही विचारा. बरेच गट माणूस उभा करतात. एएचा फोन लागला नाही तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 आहे.

फी नाही. शेवटी थैली किंवा टोपी फिरते, सभासद दहा-वीस रुपये टाकतात, त्यातून जागेचं भाडं आणि चहा निघतो. तुम्ही काहीच टाकलं नाही तरी चालतं. आडनाव, पत्ता, आधार कोणी मागत नाही. मीटिंग चर्चमध्ये भरली तरी ती ख्रिस्ती धर्माची नसते. देवाचा उल्लेख येतो, पण कोणाला कसा मानायचा हे ज्याचं त्याच्यावर सोडलेलं असतं.

मीटिंग साधारण तास ते दीड तास चालते. सुरुवातीला थोडं वाचन, मग शेअरिंग: एकेकजण आपलं नाव आणि 'मी मद्यपी आहे' सांगून बोलतो. मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर 'आज फक्त ऐकतो' म्हणा, पुरे. शेवटी एकत्र प्रार्थना. ओळखीचं कोणी दिसलंच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो, आणि तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं हा नियम दोघांनाही लागू असतो.

माझ्या मते खरं काम मीटिंग संपल्यावरच्या चहात होतं. नवे लोक शेवटच्या रांगेत बसतात, प्रार्थना झाली की चप्पल घालून पसार होतात. महिनाभर येऊनही त्यांच्याकडे एकही नंबर नसतो. मग पगाराच्या दिवशी बारसमोरून जाताना फोन कोणाला करणार? म्हणून पंधरा मिनिटं थांबा, दोघा-तिघांचे नंबर घ्या, आणि दुसऱ्याच दिवशी, प्यायची इच्छा नसताना, एक फोन करून बघा. म्हणजे गरजेच्या वेळी हात अडखळत नाही. पुढे किमान वर्षभर सोबर असलेला एक सभासद स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा सोबती, म्हणून निवडा, पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री. त्याच्याशी पैशांचे व्यवहार ठेवू नका.

वेळही जपून निवडा. तुम्ही संध्याकाळी सातला पिता, तर सातचीच मीटिंग धरा. जाण्याआधी पोटभर खा. रिकाम्या पोटी तलफ वाढते. पहिला गट आवडला नाही तर निदान पाच-सहा वेगवेगळे गट पाहून मगच मत बनवा, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. 'मी यांच्याइतका पीत नव्हतो' हा विचार येईलच. दुसऱ्याच्या प्रमाणाऐवजी त्याच्या लपवालपवीकडे, सकाळच्या पश्चात्तापाकडे लक्ष द्या. आणि एखादा सभासद म्हणाला की मानसोपचाराच्या गोळ्या बंद कर, तर ऐकू नका. तो डॉक्टर नाही, आणि डॉक्टरकी करू नये असं एएचंही सांगणं आहे.

मध्ये प्यायलात तर पुढच्याच मीटिंगला या. झिंग असली तरी तुम्ही गोंधळ घातला नाही तर बसू देतात. गावात गट नसेल तर ऑनलाइन मीटिंगा आहेत. कॅमेरा बंद ठेवून नुसतं नाव लिहिलं तरी चालतं. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनचे वेगळे गट आहेत. तुम्ही जायला लागण्याआधीही बायकोला, आईला तिथे जाता येतं.