अपग्रेडनंतर स्क्रीन रीडर मुका झाला? आमचा मॉनिटर उपटल्यावर बोलायला लागला

तुम्ही विचारलंय की विंडोज १० चं ११ केल्यापासून एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं आपलं सॉफ्टवेअर, बोलत नाही, घरात डोळस कोणी नाही, तर दुरुस्तीवाल्याला बोलवू का?

नका बोलवू. निदान आज तरी नका. मी बोलवला होता. तीनशे रुपये गेले आणि वर 'नाना, तुमचे स्पीकर उडाले' हे ऐकून घ्यावं लागलं.

मी जन्मापासून आंधळा, राहणार अमळनेर. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो, पुढे कॉम्प्युटर शिकून क्लार्क झालो, आता रिटायर आहे. बायकोला अंधुक दिसतं, पण स्क्रीनवरची अक्षरं तिच्या आवाक्यातली नाहीत. २०२५ च्या दिवाळीत पुण्याहून साडू आले. साडू इंजिनिअर आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला, हे त्यांनी फराळाच्या ताटावरच मला सुनावलं. मी म्हटलं, संपू द्या, माझं काही अडलेलं नाही. पाडव्याच्या दुपारी जेवण करून जरा आडवा झालो, उठून येतो तर साडू माझ्या खुर्चीत. म्हणाले, 'सरका, तुम्ही निवांत बसा, मी बघतो.'

या 'सरका'शी माझं जुनं भांडण आहे. आंधळ्याला मदत करायला आलेला डोळस माणूस आधी कीबोर्ड ओढून घेतो. मग माऊस मागतो. माऊस नाही म्हटलं की 'बरं' असा म्हणतो, जणू घरात प्यायला पाणीच नाही. बँकेत पंचवीस वर्षं हेच. काहीही अडलं की कोणीतरी यायचं, सरकवायचं, खटाखट काहीतरी करायचं आणि 'झालं' म्हणून निघून जायचं. काय केलं ते विचारलं तर, 'तुम्हाला कशाला, झालं ना!' पुढच्या खेपेला तेच अडलं की परत त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभं राहायचं.

साडूंनी नुसतं अपग्रेड केलं नाही, सोबत भेटही आणली होती. त्यांचा जुना चोवीस इंची मॉनिटर. आंधळ्याच्या घरी चोवीस इंची मॉनिटर! 'तुमचा तो डबडा आता शोभत नाही,' म्हणाले. जुना काढला, नवा बसवला, नवी वायर लावली. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, त्यांना पहाटेच निघायचं होतं. जाताना म्हणाले, 'सगळं झकास दिसतंय.' ऐकू येतंय का, ते त्यांनी बघितलंच नाही.

सकाळी मशीन लावलं. पंखा फिरला, यूपीएसनं एकदा पीं केलं, आणि पुढे शांतता. पिन टाकला, एंटर मारला. काही नाही. कंट्रोल-अल्ट-एन दाबलं. एनव्हीडीए सुरू होताना सूर वाजतात, तेही नाहीत. मग विंडोजचा स्वतःचा नॅरेटर काढायला गेलो, कंट्रोल-विंडोज-एंटर. तोही मुका.

खरं तर मला तिथेच कळायला हवं होतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे दोन वाचक एकाच सकाळी मुके होत नाहीत. दोघंही गप्प म्हणजे दोष वाचकात नाही, आवाजाच्या वाटेत आहे. पण मी घाबरलो होतो. आपलं मशीन बोलेनासं झालं की काय होतं, ते तुम्ही सध्या भोगताय, मी वेगळं सांगायला नको. म्हणून दुरुस्तीवाला आला. अर्थातच 'सरका नाना'. स्वतःचा माऊस घेऊन आला होता. कोपऱ्यातलं आवाजाचं चिन्ह उघडलं आणि म्हणाला, 'आवाज शंभरवर आहे, हिरवी पट्टी पण नाचतेय, म्हणजे स्पीकर गेले.' मी तेच स्पीकर त्याच्यासमोर जुन्या मोबाईलला लावले, खणखणीत भजन वाजलं. 'मग साऊंड कार्ड गेलं असेल,' म्हणाला. नव्याचा भाव सांगून गेला. ज्या गावात १९४५ साली तेलाच्या कारखान्यातून विप्रो उभी राहिली, त्या गावात एका कॉम्प्युटरचा आवाज कुठे गेला हे कोणाला सापडेना.

तिसऱ्या दिवशी शेजारचं सातवीतलं पोरगं आलं. त्याला म्हटलं, हात लावायचा नाही, नुसतं दिसतं ते वाच. ते अहिराणीत म्हणालं, 'नाना, सगळं दिखी तं ऱ्हायनं!' म्हणजे दिसतंय की सगळं. मी म्हटलं, आवाजाच्या चिन्हावर काय लिहिलंय ते सांग. त्यानं एकेक अक्षर वाचलं. त्यात मॉनिटरच्या कंपनीचं नाव निघालं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी टेबलाखाली शिरलो आणि कॅबिनेटच्या पाठीवरून बोटं फिरवली. आवाजाची तीन भोकं एकाखाली एक, मधल्यात स्पीकरची पिन पक्की बसलेली. त्याच्या वर जुन्या मॉनिटरची जागा, दोन्ही बाजूंना स्क्रूची भोकं, पण मध्ये वायरच नाही. आणि शेजारी एक चपटी पिन, स्क्रू नाही काही नाही, खालचे दोन कोपरे छाटल्यासारखे. एचडीएमआय. जुनी वायर फक्त चित्र नेते. ही चित्राबरोबर आवाजही नेते. नवा मॉनिटर दिसला, तसं विंडोजनं सगळा आवाज त्याच्याकडे वळवला. आणि साडूंच्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता. तीन दिवस एनव्हीडीए बिचारा बोलतच होता, पण विहिरीत तोंड घालून. पट्टी नाचत होती ती त्यामुळेच.

मी वायर उपटली. दोन सेकंद काही नाही. विंडोजचं बटण दाबलं, आणि तो लोखंडी आवाज म्हणाला, 'सर्च'. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

लगेच साडूंना फोन लावला. म्हटलं, बोलायला लागला, मॉनिटर काढून टाकला. पलीकडे पाच सेकंद शांतता. मग म्हणतात कसे, 'अहो, मॉनिटर काढला? मग तुम्ही बघणार कशावर?'

एवढं होऊनही ते म्हणत होते की दोष त्या फुकटच्या सॉफ्टवेअरचाच, फुकटात काय टिकाऊ मिळणार! म्हणून हेही इथेच लिहून ठेवतो. एनव्हीडीए २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करननं सुरू केलं, मग जेम्स तेह त्याला येऊन मिळाला. दोघंही आंधळे. कोणी त्यांना सरकवलं नाही, म्हणून आज आपण टाईप करतोय.

आता तुमचं. क्रम महत्त्वाचा आहे, तेवढा पाळा. आधी नॅरेटर काढून बघा. तो बोलला तर आवाजाची वाट ठीक आहे, भानगड एनव्हीडीएत आहे. मग इन्सर्ट-एस दाबून बघा, प्रत्येक दाबीला थांबत थांबत. चुकून बोलणं बंद झालेलं किंवा नुसत्या बीपवर गेलेलं असतं, आणि माणूस उगाच दिवसभर विंडोजला शिव्या देतो. तरी गप्पच असेल तर बाहेरून टाकलेला गोड आवाज तपासा. वर्षाची पहिली आवृत्ती आली की जुनी ॲड-ऑन, म्हणजे बाहेरून जोडलेले भाग, कधीकधी चालेनाशी होतात, त्यात तुमचा आवाजही जातो. नॅरेटर बोलत असतानाच इन्सर्ट-क्यू दाबा, तिथे ॲड-ऑन बंद ठेवून पुन्हा सुरू करायचा पर्याय असतो. मग विंडोजचा आवाज नाहीतर ईस्पीक बोलेल. पुष्कळांना ईस्पीकचा आवाज आवडत नाही, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा वाटतो. वाटू दे. तो एनव्हीडीएच्या पोटातच असतो, मराठीही वाचतो आणि अडचणीला सोडून जात नाही. गोड आवाजवाले नंतर फोन करतात, 'काका, काहीच बोलत नाही.' त्यांना मी आधी हेच विचारतो की ईस्पीक लावून बघितलास का.

नॅरेटरही गप्प असेल तर मग माझाच रोग. यूएसबीचा हेडफोन लावा. त्याच्यात स्वतःचं साऊंड कार्ड असतं, विंडोज बहुतेक वेळा लगेच त्याच्याकडे वळतं. असला एक हेडफोन खणात कायम असावा, घरात काडेपेटी असते तसा. नाहीतर एचडीएमआय उपटा. आपलं काय जातंय? आवाज आला की विंडोज-कंट्रोल-व्ही दाबा, विंडोज ११ मध्ये तिथे आवाज कुठून काढायचा ते निवडता येतं, स्पीकर निवडा. शिवाय एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये, नव्या आवृत्त्यांत ऑडिओ या भागात, स्पीकर कायमचा बांधून टाका, म्हणजे उद्या कोणी भेट म्हणून टीव्ही जोडला तरी तो तिकडे जाणार नाही.

आणि हे सगळं तुमच्या हातानं करा. कोणाचे डोळे लागले तर जरूर घ्या, पण डोळेच. हात त्यांचे त्यांच्यापाशी. सातवीतल्या पोरानं जे केलं ते इंजिनिअर आणि दुरुस्तीवाला दोघांना जमलं नाही, कारण त्याला मी हात लावू दिला नाही.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. विंडोज सुरू व्हायच्या आधीच मशीन अडलं असेल तर वरचं काहीच चालत नाही. काही मशीनवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागत बसतं. त्या पडद्यावर बहुतेक वेळा कुठलाच वाचक बोलत नाही, मग कोणाला तरी वाचायला लावावंच लागतं. निदान मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून. साऊंडचा ड्रायव्हरच गेला असेल तरी यूएसबी हेडफोनवर बहुतेक भागतं, पण तोही बोलला नाही तर माझी अक्कल तिथे संपली, दुरुस्तीवाल्याला बोलवा. तेव्हाही खुर्चीतून उठू नका.

मॉनिटर आता कपाटावर आहे, बायको त्याच्यावर कुरडयांचं सूप ठेवते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासरवाडीत साडूंची गाठ पडेलच, विचारतील कसा चाललाय म्हणून.

आणि हो, तुमचा डेस्कटॉप आहे का लॅपटॉप, ते तुम्ही लिहिलंच नाही. लॅपटॉप असेल आणि मागे काही जोडलेलंच नसेल तर माझी निम्मी कहाणी तुमच्या कामाची नाही. तेवढं लिहा, आणि नॅरेटर बोलतो का तेही.