२४ प्रकल्प सुरू आणि सगळेच रखडलेले; नव्या पीएमओने सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कंपनीत आज २४ प्रकल्प चालू आहेत, वर्षाला साधारण ८ पूर्ण होतात, आणि जवळजवळ प्रत्येकाची मुदत टळलेली आहे. वरिष्ठांनी तुम्हाला प्रकल्प व्यवस्थापन कार्यालय, म्हणजे पीएमओ, उभारायला सांगून हाताशी दोन माणसं दिली आहेत. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं आणि कोणते फॉर्म लागू करावेत, असं तुम्ही विचारताय.

सॉफ्टवेअर आणि फॉर्म तीन महिने बाजूला ठेवा. घोडं कुठे पेंड खातंय ते तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांतच दिसतं. २४ भागिले ८ म्हणजे ३. व्यवस्था साधारण स्थिर गतीने चालत असेल तर एखादं काम आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी किती वेळ लागणार, हे चालू कामांची संख्या भागिले पूर्ण होण्याचा वेग इतकं असतं. अमेरिकी अभ्यासक जॉन लिटल यांनी हे १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केलं. तुमच्याकडचा प्रकल्प सरासरी ३ वर्षं चालणार, मग त्याच्या योजनेत ९ महिने लिहिलेले असोत की १२. वेग तोच राहिला आणि चालू प्रकल्प १२ वर आणले, तर हीच सरासरी दीड वर्षावर येते.

वेग तोच का राहील, अशी शंका तुमचे वरिष्ठ काढतील. त्यांना कागदावर हे दाखवा. एका माणसाकडे तीन कामं आहेत, प्रत्येक ४ आठवड्यांचं. एक संपवून दुसरं घेतलं तर ती चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याअखेर संपतात. तिघांनाही खूश ठेवण्यासाठी दर आठवड्याला काम बदललं तर ती दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या आठवड्यात संपतात. कोणाचंच काम लवकर झालं नाही, दोघांचं मात्र लांबलं. शिवाय काम बदलताना आधीचा संदर्भ आठवण्यात जो वेळ जातो, तो या हिशेबात धरलेलाच नाही.

म्हणून पहिलं काम यादीचं. एक तक्ता करा आणि दोन आठवड्यांत पूर्ण करा. प्रकल्पाचं नाव, तो कोणाला हवाय (म्हणजे स्पॉन्सर, विभागाचं नाव चालणार नाही, माणसाचं हवं), तो झाल्यावर नेमकं काय बदलेल, कोणती माणसं आठवड्याला किती दिवस देतात, पुढचा टप्पा कोणता आणि कोणत्या तारखेला, आणि आत्ता काय अडलंय, एवढे रकाने पुरतात. ही माहिती फक्त प्रोजेक्ट मॅनेजरांकडून घेऊ नका. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: गेल्या आठवड्यात तुमचा वेळ कशाकशावर गेला? कोणत्याच यादीत नसलेली कामं यातून बाहेर येतात. कुणी तरी जाता-येता सांगितलेली, कुणी मंजूर न केलेली, तरीही माणसं खाणारी ही कामं असतात. तीही यादीत घ्या.

आता माणसांचा रकाना आडव्याऐवजी उभा वाचा. एखाद्या टेस्टिंग प्रमुखाचं किंवा डेटाबेस सांभाळणाऱ्याचं नाव नऊ प्रकल्पांत दिसेल आणि त्याच्या दिवसांची बेरीज आठवड्याला ११ येईल. तुमच्या संस्थेची खरी क्षमता त्या एका माणसाइतकी आहे. कोणते प्रकल्प कोणत्या क्रमाने घ्यायचे, ते त्याच्या वेळापत्रकावरून ठरवा. बाकीच्यांना रिकामं बसू न देण्यासाठी नवे प्रकल्प सुरू करणं हीच मूळ चूक असते, कारण ते सगळे अखेर त्याच माणसाच्या दारात येऊन रांग लावतात.

प्रकल्प थांबवण्याचा निर्णय पीएमओने घ्यायचा नाही. तो अधिकार तुमच्याकडे नाही आणि घ्यायला गेलात तर पहिल्याच महिन्यात सगळे विभाग विरोधात जातील. ज्यांच्या हातात पैसा आणि माणसं आहेत अशा तीन ते पाच जणांची समिती बसवा, तक्ता समोर ठेवा आणि प्रत्येक प्रकल्पाला तीनपैकी एक शेरा मिळवा: चालू, थांबलेला, बंद. ‘थांबलेला’ म्हणजे त्यावरची माणसं शून्य. ‘थोडं थोडं चालू ठेवू’ असा चौथा शेरा कोणी तरी सुचवेलच. तो स्वीकारलात तर यादी केली काय नि न केली काय, सारखंच. नवा प्रकल्प आत यायचा तर जागा रिकामी झाल्यावर, एवढा एकच नियम समितीकडून लेखी घ्या.

यानंतर चालू राहिलेल्या प्रकल्पांची मूलभूत शिस्त. प्रत्येकाला एक पानाचा चार्टर, म्हणजे प्रकल्प कशासाठी आहे आणि त्यात काय येतं हे सांगणारा कागद, हवा. त्यातला सगळ्यात उपयोगी परिच्छेद ‘या प्रकल्पात काय येत नाही’ हा असतो आणि नेमका तोच लोक गाळतात. ‘जुना डेटा नव्या प्रणालीत आणणे यात नाही’ हे वाक्य पहिल्या दिवशी लिहिलं तर दहा मिनिटांची चर्चा होते. सहाव्या महिन्यात निघालं तर भांडण होतं.

कामाची फोड, म्हणजे डब्ल्यूबीएस, करताना क्रियापदांऐवजी हातात पडणाऱ्या वस्तूंची नावं लिहा: ‘मंजूर झालेला आराखडा’, ‘तपासलेला मॉड्यूल’. ‘समन्वय साधणे’ कधी संपलं ते कोणालाच सांगता येत नाही. पोटभागांची बेरीज वरच्या भागाच्या बरोबर १०० टक्के झाली पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. सगळ्यात खालचा तुकडा ८ तासांपेक्षा लहान आणि ८० तासांपेक्षा मोठा नसावा, हा जुना आडाखा आजही कामाचा आहे. तुकडा ८० तासांहून मोठा झाला तर दोन आठवडे ‘चालू आहे’ एवढंच ऐकायला मिळतं.

अंदाज घेताना एकच आकडा मागू नका, तीन मागा. सगळं सुरळीत गेलं तर किती, बहुधा किती, आणि अडचणी आल्या तर किती. समजा उत्तर आलं ६, १० आणि २६ दिवस. पर्ट या अंदाज-पद्धतीच्या सूत्राने, म्हणजे मधल्या आकड्याला चारने गुणून, तिन्हींची बेरीज करून सहाने भागल्यावर १२ दिवस येतात. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात १९५८ मध्ये पुढे आली. माणूस ‘बहुधा १०’ सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण उशीर जितका लांबू शकतो तितकं काम लवकर संपू शकत नाही, म्हणून सरासरी १२ पडते. अशी दहा कामं एकापाठोपाठ असतील तर १०० दिवसांची योजना प्रत्यक्षात १२० च्या आसपास जाते, कोणीही आळस न करता.

समांतर कामांत आणखी एक खाच आहे. तीन गट स्वतंत्रपणे काम करताहेत, प्रत्येकाची वेळेवर होण्याची शक्यता ८० टक्के, आणि तिन्ही आल्याशिवाय जोडणी सुरू होत नाही. तिन्ही वेळेवर येण्याची शक्यता ०.८ चा घन, म्हणजे ५१ टक्के. नाणं उडवल्यासारखंच झालं. जिथे अनेक वाटा एकत्र मिळतात, त्या सांध्याआधी राखीव दिवस ठेवा. प्रत्येक कामात थोडा थोडा राखीव वेळ पेरला तर तो काम पसरण्यातच संपतो, सांध्यापाशी उरत नाही.

क्रिटिकल पाथ काढायलाच हवा. सुरुवातीपासून शेवटापर्यंतची सर्वांत लांब साखळी ती हीच. तिच्यातला एक दिवस हुकला की शेवटची तारीख एक दिवस हुकते. बाकीच्या कामांना थोडी सूट असते, ज्याला फ्लोट म्हणतात. मॅनेजरने रोज सकाळी या साखळीवरचं काम पाहावं आणि इतर कामं आठवड्यातून एकदा. जिची सूट संपत आलीय ती वाट उद्याची क्रिटिकल पाथ असते, तिच्यावरही डोळा हवा.

एकदा मान्य झालेली योजना बेसलाइन म्हणून जपून ठेवा. उशीर झाला की तारीख गुपचूप पुढे ढकलून पुन्हा ‘वेळेवर’ लिहिणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. बेसलाइन बदलायची तर बदल-विनंती करूनच. त्यात तीनच ओळी असाव्यात: काय बदलतंय, मुदत आणि खर्च कितीने वाढतोय, कोणी मंजूर केलं.

आता अहवाल. प्रकल्प अडचणीत, जरा डळमळीत की ठीक हे सांगणारे लाल, पिवळा, हिरवा हे रंग मॅनेजरच्या मतावर सोडले तर तुम्हाला कलिंगडं मिळतील, वरून हिरवी आणि आतून लाल. आकड्यांनी बांधा. समजा १० महिन्यांच्या प्रकल्पाला एकूण ४०० मनुष्यदिवस मंजूर आहेत. चौथ्या महिन्याअखेर योजनेप्रमाणे १६० दिवसांचं काम व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्ष खर्च झाले १५०. नेहमीचा अहवाल सांगतो की खर्च मर्यादेत आहे, रंग हिरवा. पण पूर्ण होऊन हातात आलेलं काम मोजलं तर ते १२० दिवसांच्या किमतीचं निघतं. १२० भागिले १६०, वेळापत्रक निर्देशांक ०.७५. १२० भागिले १५०, खर्च निर्देशांक ०.८. याच गतीने गेलं तर ४०० भागिले ०.८, म्हणजे ५०० दिवस लागणार. १०० दिवसांची तूट चौथ्या महिन्यात दिसते तेव्हा करण्यासारखं बरंच काही असतं. नवव्या महिन्यात दिसली तर फक्त कारणं लिहिता येतात.

हे गणित चालण्यासाठी ‘९० टक्के झालं’ हा प्रकार बंद करा. तुकडा पूर्ण झाला तर त्याचे पूर्ण दिवस, नाहीतर शून्य. तुकडे लहान ठेवायचे ते यासाठीच. वेळापत्रक निर्देशांकाची एक मर्यादा लक्षात असू द्या: कितीही उशीर झालेला असला तरी काम शेवटी पूर्ण होतंच, त्यामुळे अखेरीकडे तो आपोआप १ कडे सरकतो. प्रकल्पाच्या शेवटच्या एक-तृतीयांश काळात त्याच्यावर विसंबू नका, टप्प्यांच्या तारखा पाहा.

उशीर दिसला की पहिली सूचना येते, माणसं वाढवा. संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी लांबतो. नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो आणि संवादाच्या जोड्या झपाट्याने वाढतात: ५ जणांत १०, पण १० जणांत ४५. व्याप्ती कमी करणं किंवा तारीख हलवणं हे जास्त प्रामाणिक पर्याय आहेत, आणि ते समितीसमोर आकड्यांसह ठेवणं हे पीएमओचं काम.

जोखमींच्या नोंदवहीत खोगीरभरती फार होते. ‘मनुष्यबळ कमी पडू शकतं’ ही नोंद निरुपयोगी आहे. कारण, घटना आणि परिणाम लिहा: ‘पुरवठादाराकडे हा सुटा भाग बनवणारा एकच कारखाना असल्यामुळे पुरवठा ६ आठवडे लांबू शकतो, त्यामुळे चाचणी हुकेल.’ मग तिचा मालक कोण आणि कोणती खूण दिसल्यावर हालचाल करायची, तेही लिहा. एका प्रकल्पाला अशा सात-आठ जिवंत नोंदी पुरतात.

मला विचाराल तर पीएमओकडे एकच वही ठेवायची परवानगी असेल तर ती प्रलंबित निर्णयांची असावी. प्रकल्प बहुतेक वेळा काम अवघड असल्याने अडत नाहीत. कोणी तरी हो किंवा नाही म्हणायचं राहिलेलं असतं. वहीतली एक ओळ अशी दिसते: ‘लॉगिन जुन्याच पद्धतीने ठेवायचं की नव्या? निर्णय: सुरक्षा प्रमुख. शेवटची तारीख: १२ तारीख. त्यानंतर दर दिवशी ४ जण थांबतात.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, ते गाळू नका. समितीची बैठक दर दोन आठवड्यांनी, ४५ मिनिटांची ठेवा आणि तिची सुरुवात या वहीने करा. प्रकल्पांचं वाचन नको, ते आधी पाठवलेलं असतं. निर्णय मागितल्यापासून मिळेपर्यंत सरासरी किती दिवस लागले, हा आकडा दर महिन्याला मांडा. तुमच्या पीएमओचं मोजमाप त्यानेच होऊ द्या.

आणि लाल रंग दाखवणाऱ्या मॅनेजरला बैठकीत पहिला प्रश्न ‘असं का झालं?’ असा जाऊ देऊ नका. ‘कोणाकडून काय हवंय?’ असा जायला हवा. हे समितीच्या अध्यक्षांशी बैठकीआधी बोलून ठेवा. पहिला लाल दाखवणारा फटकारला गेला की पुढे वर्षभर सगळं हिरवंच येतं.

पीएमओचे सहसा तीन प्रकार सांगतात: मदत करणारा, नियंत्रण ठेवणारा आणि स्वतः प्रकल्प चालवणारा. तीन माणसांत तिसरा जमणार नाही. तुम्ही बाकी सगळ्यात मदतनीस राहा, नियंत्रण दोनच ठिकाणी ठेवा: यादीत काय शिरतं आणि बेसलाइन कोण बदलतं. दोन माणसांपैकी एकाने यादी, आकडे आणि निर्णयांची वही सांभाळावी. दुसऱ्याने मॅनेजरांच्या शेजारी बसून फोड आणि अंदाज करून द्यावेत. मॅनेजरांना आठवड्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त अहवालकाम लागत असेल तर रकाने कमी करा.

सॉफ्टवेअरबद्दल: १२ प्रकल्पांसाठी सगळ्यांना उघडता येणारी स्प्रेडशीट पुरते. एकच तारीख तीन ठिकाणी भरावी लागतेय, किंवा माणसांच्या दिवसांची बेरीज हाताने जुळवायला दर आठवड्याला अर्धा दिवस जातोय, असं झालं की विकत घ्यायचा विचार करा. तोवर कोणते रकाने खरंच वापरात आहेत ते तुम्हाला माहीत असेल. विक्रेत्याला तीच शीट दाखवा आणि त्याच्या प्रणालीत हेच रकाने, तुमच्याच डेटावर, चालवून दाखवायला सांगा.