डायनॅमो बदलण्याआधी इंजिनची अर्थ पट्टी तपासा

लाइट लावले की डॅशबोर्ड मंदावतो, ब्रेक दाबून इंडिकेटर दिला की मागचे दिवे भलतेच लुकलुकतात, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) कधी लागतो तर कधी नुसता टक् करतो, नवी बॅटरी घालूनही फरक नाही. तुमचं हे वाचताना माझी जुनी पिकअप डोळ्यांसमोर आली. फ्यूज, टर्मिनल, बल्बचे होल्डर तुम्ही पाहिले असतीलच. डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा) बदलायला सांगितलंय म्हणता, तर तो कृपा करून एवढ्यात बदलू नका.

माझ्या गाडीचं क्लचचं काम झालं आणि आठवड्याभरात हे सगळं सुरू झालं. त्याच गॅरेजमध्ये परत नेली. त्यांनी इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल उपसला, इंजिन बंद पडलं, म्हणून डायनॅमो गेला असं सांगितलं. (ही तपासणी कोणालाही करू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगल्या डायनॅमोचे डायोड उडू शकतात.) डायनॅमो बदलला, मग सेल्फ बदलला. दरम्यान अ‍ॅक्सिलरेटरची केबल जड झाली, सेल्फ मारल्यावर हाताला गरम लागायची. तेही मी सांगितलं. त्यांनी केबल बदलली आणि विषय संपवला. केबल गरम का होते, हा प्रश्न तिथे एकालाही पडला नाही, याचा राग मला अजून आहे. इंजिनमधून परतणाऱ्या करंटला नीट वाट मिळत नव्हती, म्हणून तो केबलमधून जात होता.

वाट असते इंजिन आणि चेसिस जोडणाऱ्या विणलेल्या अर्थ पट्टीची. माझी सर्वांत महागात पडलेली चूक इथे झाली. पट्टी मी स्वतः तपासली होती, पण मल्टिमीटरच्या बझरवर. बीप वाजला, मी पट्टी ठीक धरून संशयातून वगळली. प्रत्यक्षात थिंबलपाशी (टोकाच्या बोल्टच्या कडीपाशी) ती मोजक्या तारांवर लटकत होती. बझरला एक तारही पुरते, सेल्फला मात्र शंभर-दोनशे अँपिअर लागतात.

म्हणून तपासणी लोडवरच करा. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, 0.5 च्या वर गेलं तर दोष याच अर्थच्या वाटेत. माझ्याकडे 2 च्या वर गेलं होतं. नंतर इंजिन चालू करून, हेडलाइट लावून, डायनॅमोच्या जाड वायरचा बोल्ट आणि डायनॅमोची बॉडी यांत मोजा, मग बॅटरीवर मोजा. डायनॅमोवर 14 च्या पुढे आणि बॅटरीवर 13 च्या आत येत असेल, तर डायनॅमो निर्दोष आहे. करंट वाटेत अडतोय, मग तो अर्थच्या बाजूला असो वा पॉझिटिव्हच्या.

मागच्या दिव्यांचं दुखणं बहुधा वेगळं आहे. दिव्याला अर्थ मिळाला नाही की करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून परत फिरतो, म्हणून भलताच दिवा पेटतो. दिव्याच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तात्पुरती लांब वायर लावून पाहा. दिवे सुधारले तर हौद्याचा अर्थ बोल्ट काढा, रंग आणि गंज धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा. ग्रीस आवळल्यावर वरून.

मी इलेक्ट्रिशियन नाही, आकडे 12 व्होल्टच्या गाडीचे आहेत. आणि कोणी जास्त अँपिअरचा फ्यूज टाकून देतो म्हणालं तर गाडी तिथून काढा, वायरिंग जळतं ते असंच.

बझरवर नव्हे, सेल्फ मारताना आलेला आकडा कळवा, मग पुढचं पाहू.