खोली मिळेना, झोप लागेना

"मॅडम, ॲडमिशन झालं, लोन सँक्शन झालं, बंगळुरूला व्हिसाची तारीखही मिळाली. पण राहायचं कुठं?" जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे बेळगावच्या टिळकवाडीतून येतो, निपाणीतून येतो, खानापूरच्या आतल्या गावांतूनही येतो. जर्मनीचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. त्यामुळे गणपतीच्या सुमाराला या घरांत आरतीला उभे असलेले लोकसुद्धा मधूनच फोन बघत असतात.

अशा अनेक घरांपैकी एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर, स्टुटगार्टला मास्टर्ससाठी निघालेली. घर अनगोळचं. आई-वडील दोघंही सोबत आले, ते मला बरं वाटलं. असली काळजी दिसते एकाच्या तोंडावर, पण ती अख्ख्या घराची असते. मी शक्यतो घरालाच समोर बसवते.

"रोज मेसेज टाकते, मॅडम. कुणी उत्तरच देत नाही."

"मग तुला काय वाटतं?"

"आम्ही नकोच असणार त्यांना. मला कुणी ठेवूनच घेणार नाही."

वडिलांचं दुसरंच. घर फिक्स झाल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, हा त्यांचा हट्ट. त्यांच्या फोनवर एका ‘घरमालका’चा मेल आला होता. फ्लॅटचे फोटो झकास, भाडं आजूबाजूच्या मानानं फारच कमी. मालक म्हणे सध्या लंडनला. दोन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरनं येईल. वडील पैसे भरायच्या बेतात होते. "एक विषय तरी मिटेल," म्हणाले. घाबरलेला माणूस डोक्याचा ताप जावा म्हणून किती मोजेल, याचा अंदाज या भामट्यांना फार चांगला असतो.

उत्तर आलं नाही, ही घडलेली गोष्ट. ‘मी कुणाला नको’ हा तिनं काढलेला अर्थ, आणि झोप उडवली ती या अर्थानं. मी ज्या मुशीत शिकले तिथं आधी या दोन गोष्टी सुट्या करतात. पण हे नुसतं सांगून भागत नाही. हुशार मुलं असलं वाक्य लगेच मान्य करतात आणि रात्री दोन वाजता पुन्हा फोन उघडतात. हिचंही तसंच चाललं होतं.

आई बहुतेक वेळ गप्प असायची. बोलता बोलता कळलं, की त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या कॉलेजच्या मुलींना भाड्यानं दिलेल्या असतात आणि तो सगळा कारभार आईच बघते. मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"वहिनी, तुम्ही खोली कुणाला देता?"

"बोलून बघायचं की. कुठली, काय शिकतीय, किती वर्षं राहणार. स्वयंपाक करणार का डबा लावणार. मागं विजापूरची एक आली, स्वतःच म्हणाली, मावशी, मी पहाटे उठून अभ्यास करते, लाइट लागली तर चालंल का? तिला लगेच दिली बघा."

"आणि जे फोनवर मेसेज टाकतात?"

"‘रूम आहे का’ एवढंच लिवतात. ना नाव, ना गाव. मी कशाला उत्तर देऊ त्यास्नी?"

मुलीनं मान वर केली. मी तिला तिचा मेसेज वाचून दाखवायला सांगितला. इंग्रजीत दोन ओळी, सगळ्यांना त्याच: नमस्कार, खोली अजून रिकामी आहे का, कृपया कळवा.

"हे मी पण सोडून दिलं असतं, बाळ," आई म्हणाली.

मुलगी हसत सुटली. इतक्या भेटींत मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते. वडिलांनी आपणहून तो लंडनचा मेल आईपुढं धरला. "खोली दाखवल्याबिगर आपण कधी कुणाकडनं रुपया घेतलाय? आणि नळ गळाला तर हा काय लंडनहून येणार?" मेल तिथल्या तिथं डिलीट झाला.

मी तासभर व्याख्यान दिलं असतं तरी इतकं झालं नसतं. कुठला प्रश्न कुणाला विचारायचा, एवढंच माझं काम होतं, आणि त्या दिवशी ते मला नेमकं साधलं असं आजही वाटतं. खोली देणाराही धास्तावलेलाच असतो. कोण येईल, भाडं वेळेवर देईल का, स्वयंपाकघर कसं ठेवील. त्याची धास्ती कमी करणारा मेसेज लिहायला बसलं, की आपल्या धास्तीकडे बघायला वेळ उरत नाही.

मग तिनं मेसेज नव्यानं लिहिला. नाव, कोर्स, कधी येणार, किती महिने हवी. खर्चाची सोय काय: जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात; हे लिहिलं की भाड्याची शंका बरीचशी मिटते. सिगारेट ओढत नाही. फोडणीचा वास येईल, पण खिडकी उघडून करीन आणि तुम्हालाही वाढीन. पहिली ओळ मोडक्या जर्मनमध्ये. घरात मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या मुलांनी चौथ्या भाषेला का भ्यावं, हे मला कधी कळलेलं नाही. शेवटी ‘व्हिडिओ कॉलवर बोलूया का?’

वडिलांचा हट्ट सोडवायला वेळ लागला. दोन वर्षांचं घर अनगोळात बसून ठरवायचा अट्टहास सोडा, पहिल्या तीन महिन्यांची खोली शोधा, असं मी सुचवलं. तिकडचे विद्यार्थी इंटर्नशिपला किंवा दुसऱ्या देशात सत्रासाठी जातात तेव्हा आपली खोली तेवढ्यापुरती देतात. मात्र तिथं पत्त्याची नोंदणी करता येईल ना, हे आधी विचारायचं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. भाडं विचारताना हीटिंग धरून की सोडून, तेही विचारायचं. जाहिरातीतला आकडा पुष्कळदा सोडून असतो. डिपॉझिट कायद्यानं हीटिंग वगैरे सोडून जे मूळ भाडं, त्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. वडिलांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं.

शहराचा हट्टही थोडा सैल केला. खानापूरची मुलं रोज रेल्वेनं बेळगावला येऊन शिकतातच की. स्टुटगार्ट विद्यापीठाचा फाइहिंगनचा परिसर लोकल गाडीवर आहे, आणि त्याच गाडीवर एसलिंगन, ब्योब्लिंगन ही गावं आहेत. तिची खोली एसलिंगनला ठरली, दोन जर्मन मुलींच्या फ्लॅटमध्ये, डिसेंबरअखेरपर्यंत. कॉलवर त्यांनी भांडी कोण घासणार यावरच जास्त चौकशी केली म्हणे.

विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज तिनं तसाच चालू ठेवला होता. तिथली खोली पुढं उन्हाळी सत्रात मिळाली. मोठ्या शहरांत ही प्रतीक्षा यादी कित्येक महिन्यांची असते. तेव्हा यंदा ज्यांच्या हातात प्रवेशाचं पत्र पडलंय, त्यांनी व्हिसाची वाट न बघता तो अर्ज आधी भरून टाकावा, आणि पैसे मागणारा मेल आला तर तो घरात खोल्या भाड्यानं देणाऱ्या एखाद्या मावशीला वाचून दाखवावा.