आधी पीआर की थेट जर्मन पासपोर्ट, आणि वाईच्या शेताचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. वाचक मूळचे वाईजवळचे, ऑक्टोबर २०१९ मध्ये मास्टर्ससाठी जर्मनीत गेले, आता म्युनिकमध्ये नोकरी करतात. डिसेंबर २०२१ पासून नोकरी शोधायचं परमिट होतं, एप्रिल २०२२ पासून ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचं परमिट) आहे, जर्मन भाषेची बी१ ही मधल्या पातळीची परीक्षा २०२३ मध्ये पास. मधे वडिलांना कोविड झाला म्हणून डिसेंबर २०२० ते जुलै २०२१ गावी होते. पत्नी ऑगस्ट २०२३ मध्ये तिकडे गेल्या, सप्टेंबर २०२६ मध्ये बाळ येणार आहे. विचारतात की आधी पीआर (कायम राहण्याचं परमिट) घेऊ की थेट नागरिकत्वाला अर्ज करू, स्टुडंट असतानाची वर्षं धरतात का, आणि वडील म्हणतायत की जर्मन व्हायच्या आधी दोन एकर नावावर करून घे, तर घेऊ का.

सर्वात आधी तुमचं आणि वहिनींचं मनापासून अभिनंदन. तुमचा मेल मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा एकच वाटलं, की तुम्ही बाळाची बातमी शेवटच्या ओळीत लिहिलीत पण खरं तर सगळं तिथूनच सुरू होतं.

कारण बघा, जर्मनीत जन्मलेल्या बाळाच्या आईवडिलांपैकी कोणीही एक जण जन्माच्या दिवशी ५ वर्षं कायदेशीरपणे तिथे राहिलेला असेल आणि त्याच्याकडे मुदत नसलेला राहण्याचा हक्क असेल, तर ते बाळ जन्मतःच जर्मन असतं, वेगळा अर्ज नाही, परीक्षा नाही काही नाही. आधी ही अट ८ वर्षांची होती, जून २०२४ च्या बदलानंतर ५ झाली. आता तुमच्याकडे वर्षं बहुतेक आहेत (एक शंका आहे, ती पुढे सांगते) पण ब्लू कार्ड हे मुदतीचं परमिट आहे, कितीही चांगलं असलं तरी. म्हणजे पीआर, तिकडच्या भाषेत निडरलासुंग, सप्टेंबरच्या आधी हातात हवा. नुसता अर्ज केलाय म्हणून चालत नाही. आणि तुम्ही तर याला कधीच पात्र झाला आहात हो! ब्लू कार्डवर बी१ असेल तर २१ महिन्यांत मिळतो, ए१ म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी असेल तर २७. तुमचे २१ महिने जानेवारी २०२४ मध्येच भरले. नागरिकत्वाची फाइल मोठ्या शहरात वर्ष-दीड वर्ष सहज पडून राहते, तिच्या भरवशावर सप्टेंबर गाठायला जाऊ नका. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर, आधी पीआर, आणि या आठवड्यात अर्ज.

आता वर्षं मोजायची भानगड. तुमचा एक मित्र म्हणतो स्टुडंटची वर्षं धरत नाहीत, दुसरा म्हणतो अर्धी धरतात. दुसऱ्याचं ऐकलेलं बरोबर आहे पण ते वेगळ्या ठिकाणचं आहे, साध्या पीआरच्या पाच वर्षांच्या नियमात आणि ईयूच्या (युरोपियन युनियनच्या) लाँग टर्म परमिटमध्ये शिक्षणाचा काळ अर्धा मोजतात. नागरिकत्वासाठी पूर्ण धरतात, फक्त अर्ज करताना हातात स्टुडंट परमिट असून चालत नाही आणि तुमच्याकडे ते आता नाहीच. बाळाच्या पाच वर्षांचा हिशोबही तसाच.

पण ते गावी काढलेले सात महिने, तिथे मला खरंच काळजी वाटली. जर्मनीबाहेर ६ महिन्यांपर्यंत राहिलात तर वास्तव्य तुटत नाही. त्याहून जास्त झालं तर तिथल्या फॉरेनर्स ऑफिसने तुम्हाला जास्तीची मुदत दिलेली असावी लागते आणि त्या मुदतीत तुम्ही परत आलेले असावे लागता, नाहीतर परमिट आपोआप संपतं आणि मोजणीही तुटते. तुम्ही लिहिलंय की तेव्हा ऑफिसला ईमेल केला होता आणि "बहुतेक" उत्तर आलं होतं. ते बहुतेक आता चालणार नाही, ते उत्तर शोधा. जुना युनिव्हर्सिटीचा मेल बंद झाला असेल तर आयटी विभागाला विचारा, आणि ऑफिसकडे तुमची स्वतःची फाइल बघायला मागता येते, ती मागा. तारखेसकट ते उत्तर मिळालं तर तुमची ५ वर्षं ऑक्टोबर २०२४ मध्येच पूर्ण झालीत. नाही मिळालं तर अधिकारी अगदी डिसेंबर २०२१ च्या परमिटपासून मोजू शकतो, म्हणजे डिसेंबर २०२६, आणि बाळ तर सप्टेंबरमध्ये येतंय. तीन महिन्यांचा फरक, पण पूर्ण उत्तर बदलतं. या एका मुद्द्यावर म्युनिकमधल्या मायग्रेशनच्या वकिलाकडे तासभर बसा, पैसे वाया जाणार नाहीत.

जर्मनची सी१ ही वरची पातळी केली की ३ वर्षांत नागरिकत्व, असंही कोणीतरी तुम्हाला सांगितलंय. ती सोय ३० ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, आता सगळ्यांना ५ वर्षं. बाकी तुमच्या बाबतीत अवघड काही नाही, ३३ प्रश्नांची नागरिकत्वाची परीक्षा, १७ बरोबर आले की पास, आणि अर्जाची फी २५५ युरो. वहिनींचा हिशोब वेगळा आहे, त्यांची ५ वर्षं ऑगस्ट २०२८ मध्ये होतात. तुमच्या अर्जात त्यांना सोबत घेता येतं पण ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, हक्क नाही.

मग जर्मन व्हायचं का? हे मी ठरवणार नाही पण एक गैरसमज काढते. "आता ड्युअल (दोन देशांचं नागरिकत्व) चालतं" हे जर्मनीपुरतं खरं आहे, २७ जून २०२४ पासून ते जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाहीत. आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा मात्र कलम ९ मध्ये सरळ सांगतो की स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपलं. नंतर भारतीय पासपोर्टवर एकदासुद्धा प्रवास करू नका, तो सरेंडर करायचा आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढायचं. ओसीआयवर येणंजाणं सोपं आहे पण मतदान नाही, सरकारी नोकरी नाही.

वडिलांची तब्येत नाजूक आहे आणि कधीतरी वर्ष-दीड वर्ष गावी राहावं लागेल असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक तिसरा रस्ता सांगते जो फारसा कोणी सांगत नाही. ५ वर्षांनंतर ईयूचं लाँग टर्म परमिट मिळतं, आणि आधी ब्लू कार्ड असलेला माणूस त्यावर सलग २४ महिन्यांपर्यंत ईयूबाहेर राहू शकतो. साध्या पीआरवर एवढी मोकळीक नाही. भारतीय राहायचं असेल आणि आईवडिलांकडे जायचं दार उघडं ठेवायचं असेल तर मला हाच पर्याय आवडतो, पासपोर्टची घाई नंतरही करता येते.

बाळ जन्मतः जर्मन झालं तरी लगेच दोन पासपोर्ट काढू नका. भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत जन्मनोंदणी करताना बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं, ते खोटं द्यायचं नाही. कुठला आधी काढायचा ते दोघांनी शांतपणे ठरवा.

राहिली जमीन. वडिलांना आजच फोन करा आणि बक्षीसपत्र थांबवा. जर्मन व्हायच्या आधी करून घे हा विचार चुकीच्या पायावर आहे, कारण तुम्ही आत्ताच एनआरआय आहात आणि फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) नियमांत एनआरआय असो की ओसीआय, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसा हक्काने मात्र दोघांनाही मिळते, पासपोर्ट कुठला यावर ते अडत नाही. वडिलांना मन मोकळं करायचं असेल तर मृत्युपत्र करावं, साक्षीदार दोन, आणि ते वाईच्या दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर केलं तर उत्तम. पुढे कधी विकायची वेळ आली तर घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिक लागेल आणि आपल्या कूळकायद्याप्रमाणे तो शेतकरीही लागेल. सातबारावर आज कोणाकोणाची नावं आहेत त्याचा ताजा उतारा मला पाठवा, आजोबांच्या नावाची नोंद अजून तशीच असेल तर आधी तो फेरफार करून घेऊ.