‘प्रीपझेसिंग’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ काय? ते शिफारसपत्रात वापरावे का?

पहिल्या भेटीतच ज्याच्याविषयी मन अनुकूल होते, तो ‘प्रीपझेसिंग’. हे विशेषण मुख्यतः रूप, चेहरा, वागण्याची ढब किंवा एखादी वास्तू यांना लागते. ‘पझेसिव्ह’शी त्याच्या अर्थाचा काही संबंध नाही, आणि हे मी ठामपणे सांगते, कारण याच गोंधळापायी एका विद्यार्थिनीचे पत्र बिघडलेले मी पाहिले आहे.

ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवत होते. वाशीत स्वागतिकेच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या, कळव्याहून येणाऱ्या एका मुलीला मी शिफारसपत्र लिहून दिले. समोरच्याचे पूर्ण ऐकून घेऊन मगच बोलण्याची तिची रीत कोणालाही आवडावी अशी होती, म्हणून मी ‘अ प्रीपझेसिंग मॅनर’ असे लिहिले. पर्यवेक्षकांनी तो शब्द लाल शाईने खोडला आणि शिक्षक-कक्षात सर्वांसमोर विचारले, “बाई, मुलगी ताबा गाजवते असे शिफारसपत्रात लिहितात का?” त्या जागी ‘गुड’ आले. त्या संध्याकाळी मी मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले, इंग्रजी कोशातील नोंद कागदावर उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली नाही, आणि पत्र तर सही-शिक्क्यानिशी आधीच गेले होते.

त्या कागदावर शब्दाची घडणही होती. लॅटिनमध्ये ‘प्राय’ म्हणजे आधी आणि ‘पॉसिडेरे’ म्हणजे ताब्यात असणे. म्हणजे मन आधीच व्यापून टाकणारा. आपला ‘पूर्वग्रह’ नेमका असाच घडला आहे, फक्त तो वाईट अर्थातच राहिला. इंग्रजी शब्दही 17 व्या शतकात मन कलुषित करणारा या अर्थाने येई, अनुकूल अर्थ पुढे रूढ झाला. पर्यवेक्षकांनी हा जुना अर्थ दाखवला असता, तर मी ऐकून घेतले असते. खोडण्याआधी कोश उघडायला हवा होता, एवढेच माझे तेव्हाही म्हणणे होते.

वापराबाबत एक राहिले. आज हा शब्द नकारातच अधिक भेटतो: बाहेरून कळकट दिसणाऱ्या, पण आत उत्तम जेवण देणाऱ्या खाणावळीला ‘अनप्रीपझेसिंग’ म्हणतात. शिवाय तो फक्त प्रथमदर्शनाची ग्वाही देतो, कर्तृत्वाची नाही. निकाल किंवा प्रकल्प यांसाठी ‘इम्प्रेसिव्ह’ लिहावे. स्वागतिकेच्या कामात मात्र पहिली भेट हेच काम असते, त्यामुळे त्या मुलीच्या पत्रात मी आजही ‘प्रीपझेसिंग’च लिहीन.