कात्री लावण्याआधी

प्रिय जाई,

परवा जेवताना तू विचारलंस, "बाबा, आपल्याकडे नवं कापड घ्यायला पैसे नव्हते म्हणून जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायचे ना?" मी घास गिळेपर्यंत दुसरा प्रश्नही आला, "आणि गेलेल्या माणसाची साडी अंगावर घेऊन झोपायचं, हे जरा कसंतरीच नाही वाटत?" मी "तसं नसतं गं ते" एवढंच म्हणालो आणि ताटं उचलायला उठलो. बाबा रागावला असं तुला वाटलं असणार. रागावलो नव्हतो. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर "हो" आहे, आणि ते माझ्या तोंडून निघेना.

म्हणून हे पत्र. तुला वाचायला वेळ लागेल, अडलं तर विचार.

लायब्ररीतल्या क्विल्टच्या वर्गाला तू तीन शनिवार गेलीस, त्याचा मला किती आनंद झाला ते मी दाखवलं नाही. उगीच गळ्यात पडल्यासारखं होईल म्हणून. तुझ्या बाईंनी दिलेली यादी फ्रिजवर लावलेली आहे, ती मी रोज वाचतो. नवं सुती कापड, मध्ये भरायचं बॅटिंग, रोटरी कटर, मॅट, पाव इंचाची शिवण. सुरुवातीला नऊ चौकोनांचा नमुना. सगळं बरोबरच आहे. फक्त "जुनं कापड आणू नका" ही ओळ वाचताना मला दापोलीकडच्या आपल्या गावची, आंजर्ल्याची ओटी दिसते, कारण तिथे गोधडीत नवं कापड घालणं म्हणजे उधळपट्टी होती.

वैशाखात, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची कामं सुरू व्हायच्या आत, थोरली आजी, म्हणजे माझी आजी, गोधडी घालायला बसायची. खळ्यात मांडवाखाली आंबापोळीची ताटं वाळत असायची, आणि ओटीवर सारवलेल्या जमिनीवर लुगडी पसरलेली असायची. आधी दोनदा धुऊन, कडक उन्हात वाळवून घेतलेली. काठ उसवून बाजूला काढायचे, ते शेवटी कडेला गोट म्हणून लागायचे. खाली मांजरपाट, त्यावर एकेक थर. चार कोपऱ्यांवर पाट, एका बाजूला वरवंटा. मग आजी, म्हणजे माझी आई, आणि शकूआत्या दोन बाजूंनी तळहाताने कापड सारखं करत यायच्या, एक सुरकुती राहू द्यायच्या नाहीत. लांब लांब कच्चे टाके घालून टाचून झालं की थोरली आजी एका कोपऱ्यात मांडी घालून बसायची आणि धावदोरा सुरू व्हायचा. कडेने एक फेरा, त्याच्या आत दुसरा, असं करत मध्यावर यायचं. तुझ्या बाई मधून सुरुवात करून कडेला जायला सांगतात, म्हणजे फुगा राहत नाही. थोरली आजी उलटी जायची आणि तिच्या गोधडीला फुगा नसायचा. ती गोधडीवरच बसायची, कापड हलणार कुठे?

तिला जवळचं दिसायचं नाही. सुईत दोरा ओवायचं काम माझं होतं. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, दोन बोटांत चपटं करायचं आणि सुई दाराच्या उजेडाकडे धरायची. दोरा खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत, त्याहून लांब घेतला की गुंता होतो. एका वेळी आठ-दहा सुया ओवून मी तिच्या पदराला टोचून ठेवायचो आणि समुद्रावर पळायचो. परत येईपर्यंत त्या संपलेल्या असायच्या. एकदा मीही हट्ट करून चार टाके घातले. तिने बोट फिरवून बघितलं, दिसत नव्हतं ना तिला, आणि म्हणाली, "तांदळाच्या दाण्याएवढा पायजे रे. हा तर चिंचोका झाला." पण उसवले नाहीत.

आता तुझा प्रश्न. हो, पैसे नव्हते. कोकणात कापूस पिकत नाही, कापड मुंबईहून यायचं, आणि आमच्या घरात ते आजोबांच्या ट्रंकेतून यायचं. ते मुंबईत परळच्या एका कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचे तेव्हा मांजरपाटाचा तागा, दोऱ्याची रिळं, आजीला एक लुगडं. ते लुगडं दहा वर्षं नेसायचं, मग त्याचं पोतेरं करायच्या आधी गोधडीत घालायचं.

पण पैसे असते तरी आम्ही कापसाच्या गादीवर झोपलो असतो का, याची मला शंका आहे. दापोली तालुक्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गादी एकदा ओलावली की आतला कापूस गठ्ठा होतो, त्याला बुरशीचा वास लागतो आणि तो जात नाही. गोधडी पातळ थरांची. चुलीच्या वर दोरीवर टाकली की रात्रीपर्यंत वाळते. खाली अंथरायला एक, पांघरायला एक. जुनं कापड आकसायचं तेवढं आधीच आकसलेलं असतं, रंग जायचा तेवढा गेलेला असतो, आणि अंगाला टोचत नाही. म्हणून तर बाळाला पहिलं दुपटं जुन्या लुगड्याचंच करतात. हे मी गरिबीवर पांघरूण घालायला सांगतोय असं तुला वाटेल. थोडं तसं आहेही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि कुठली आधी आली ते मला वेगळं करता येत नाही.

आता जी गोष्ट मी तुझ्या आईलासुद्धा पूर्ण सांगितलेली नाही, ती सांगतो.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. मी आठ वर्षांचा होतो. आजोबा त्या वर्षी शिमग्याला आले ते परत गेलेच नाहीत. त्यांच्या ट्रंकेत दोन खाकी सदरे आणि एक पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा होता, कामावर घालायचे. वैशाखात थोरल्या आजीने गोधडीसाठी कापड गोळा करताना ते मागितले. आजोबा म्हणाले, "ते राहू देत. गिरणी उघडली की लागतील." तिने काही न बोलता ते परत ट्रंकेत ठेवले.

पुढच्या वैशाखात तिने पुन्हा मागितले नाहीत. आजोबांनी स्वतःच काढून तिच्यासमोर ठेवले आणि होडीकडे काम आहे म्हणून खाडीवर निघून गेले. थोरली आजी बराच वेळ ते सदरे मांडीवर घेऊन बसली होती. मग बटणं कापून डबीत ठेवली, शिवणी उसवल्या, कॉलर बाजूला काढली. कॉलरच्या आत घामाने पिवळा झालेला पट्टा होता, तो तिने टाकला नाही, आतल्या थरात घातला. त्या गोधडीचा वरचा थर खाकी चौकोन आणि लेंग्याचे पट्टे असा होता, आणि कडेला आजीच्या हिरव्या लुगड्याचा काठ. घरात तिला सगळे "संपाची गोधडी" म्हणायचे.

१९९१ साली मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा आजीने तीच मला बांधून दिली. सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत नवी तीच होती. हॉस्टेलवर पहिल्याच रात्री खोलीतल्या मुलाने विचारलं, "चिंध्यांची आहे का रे?" तो वाईट मुलगा नव्हता, सहज विचारलं त्याने. मी दुसऱ्या दिवशी सोलापुरी चादर विकत आणली आणि गोधडी ट्रंकेच्या तळाला घातली. चार वर्षांनी खोली सोडताना ती खाटेवर ठेवून निघून आलो. सामान जास्त झालं होतं, असं मी मला सांगितलं. आजीने विचारलं तेव्हा "हरवली" म्हणालो. ती एवढंच म्हणाली, "मग थंडीत काय घेतलंस?"

परवा तुझा प्रश्न ऐकला आणि मला तो खोलीतला मुलगा आठवला. तू त्याच्यासारखी नाहीस. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि मी ताटं घेऊन उठलो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला नीट देता येत नाही. काही घरांत गेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकतात, घरात ठेवत नाहीत. त्यांचंही चूक नाही. आमच्याकडे एक-दोन लुगडी ठेवायचे आणि ती पुढच्या गोधडीत जायची. त्याबद्दल कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. कुणाला भीतीही वाटायची नाही, रात्री पावसात कौलं वाजायला लागली की आम्ही त्याच गोधडीत शिरायचो. तू मला वर्गातला तो फोटो दाखवलास, अलाबामातल्या गीज बेंड गावच्या गोधड्यांचा. मी नंतर त्यावर वाचलं. तिथल्या मिझुरी पेटवे या बाईंनी १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. पुढे २००२ साली त्या गावच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या. तुला ती गोधडी सुंदर वाटली होती, बघताना तू कसंतरीच म्हणाली नव्हतीस. हे तुला कोंडीत पकडायला लिहीत नाही. मलाच ती बघून एकदम संपाची गोधडी आठवली, आणि रात्री झोप लागली नाही.

आणि तुझं "गोगो" विसरलीस का? तू तीन वर्षांची होईपर्यंत ज्याचा कोपरा तोंडात घालून झोपायचीस ते हिरवं दुपटं? तेही आजीच्या जुन्या साडीचं होतं. ती तेव्हा होती, एवढाच फरक.

आता कामाचं. कपाटातल्या पिशवीत थोरल्या आजीची दोन सुती लुगडी आणि आजीच्या तीन पाचवारी आहेत. त्या कापल्यास तर मला वाईट वाटेल का, असं तू आईला विचारलंस म्हणे. वाटेल. तरी काप. आणि नको वाटलं तर कापू नकोस, दुकानातलं कापड आण, तेही छानच होईल. माझ्यासाठी म्हणून करू नकोस.

केलंस तर एक लक्षात ठेव. तिघींतली निळी साडी सिंथेटिक आहे, सुई घसरते, ती वगळ. बाकीचं कापड आधी खिडकीशी धरून बघ, जिथे उजेड जास्त येतो तिथे दोन अंगठ्यांनी हलकं ओढ. टरकलं तर तेवढा भाग सोडून दे. नवं आणि फार जुनं कापड शेजारी शेजारी जोडू नकोस, नवं जुन्याला ओढून फाडतं. बाईंनी जुनं नको म्हटलं ते बहुतेक यासाठीच. पहिल्यांदा मोठी गोधडी घेऊ नकोस. लुगडं नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे चार तुकडे करून दोन-दोन जोडले की एका माणसाच्या गोधडीचे फक्त दोनच थर होतात, तेवढ्याने भागत नाही. त्यापेक्षा एक पाचवारी घे, वार-वारभराचे पाच तुकडे कर, एकावर एक ठेव. पाच थरांचं दुपटं होतं, बॅटिंग लागत नाही. आपल्या हॉलच्या फरशीवर अंथर, कोपऱ्यांवर तुझी जाड पुस्तकं ठेव. टाचणं आळसाने सोडू नकोस, गोधडी तिथेच बिघडते. टाके सुरुवातीला चिंचोक्याएवढे पडतील. पडू देत.

शकूआत्याला रविवारी व्हिडिओ कॉल लावू. तिचे हात आता थरथरतात, पण कोपरा कसा वळवायचा ते तिला दाखवता येईल. तू विचारलंस तर तिला बरं वाटेल, मी विचारलं तर ती म्हणेल, इतकी वर्षं कुठे होतास.

हिरव्या साडीचा काठ मात्र मी उसवतो. त्याची शिवण बारीक आहे आणि ब्लेडने कापड फाटतं, सुईच्या टोकाने एकेक टाका उचलावा लागतो. चष्मा लागतो आता त्यासाठी, आणि सुईत दोरा तुला ओवून द्यावा लागेल. कात्री लावण्याआधी मला हाक मार.

तुझा,
बाबा